परातीएवढा गियर

नवस तिचा होता आणि पाय माझे होते, एवढं आधीच सांगून ठेवतो.

गेल्या पावसाळ्यात मी आमच्याच न्हाणीघरात, आमच्याच साबणावर पाय देऊन पडलो. गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. ऑपरेशन झालं, पाय गुंडाळून घरी पडून राहिलो. स्वभाव मूळचा तापट, त्यात हालचाल बंद, त्यामुळं घरातल्या माणसांना, डॉक्टरांना, दूरदर्शनवरच्या अंपायरला, सगळ्यांनाच मी त्या दिवसांत पुरेसं ऐकवलं. बायको ऐकून घ्यायची आणि स्वयंपाकघरात निघून जायची. तिकडं जाऊन ती काय करत होती हे मला फार उशिरा कळलं. ती जोतिबाशी बोलत होती. यांचा पाय बरा होऊ दे, पाच खेटे घालीन, आणि शेवटच्या खेट्याला यांना त्यांच्याच पायानं तुझ्या दारात आणीन, असं तिनं देवाला कबूल करून टाकलं होतं. मला विचारलं नव्हतं.

बाहेरच्यांसाठी सांगतो. माघातले रविवार आले की आमच्याकडची माणसं पहाटे पंचगंगेत अंघोळ करतात आणि अनवाणी जोतिबाच्या डोंगरावर चालत जातात. असे पाच रविवार. त्यांना खेटे म्हणतात. नियम एकच, जायचं ते स्वतःच्या पायानं. गाडीनं गेलात तर दर्शन झालं, पण खेटा झाला नाही.

बायकोला याचं काही वाटत नाही. ती जयसिंगपूरकडची. लहानपणी पौर्णिमेला घरच्यांबरोबर नृसिंहवाडीला चालत जायची, त्यामुळं पाय तयार. लग्नानंतर आम्ही महाद्वार रोडला पहिल्यांदा बाहेर पडलो तेव्हापासून ती पुढं आणि मी मागं, असंच चाललंय. गल्लीत त्यावरून विनोद होतात. आणि हात धरलेला तिला खपत नाही. एसटीतून उतरताना, नदीच्या घाटावर, दवाखान्याच्या जिन्यात मी हात पुढं केला की ती आधी हाताकडं बघते, मग माझ्याकडं, म्हणते, "मला काय झालंय?" आणि उतरून पुढं जाते.

माझं म्हणाल तर मी हरलो असं आजवर कबूल केलेलं नाही. कॅरममध्ये हरलो तर बोर्ड वाकडा असतो. निवृत्त होईपर्यंत एका सरकारी कचेरीत होतो, तिथं ही सवय उपयोगी पडते.

नवसाचं कळल्यावर मी डॉक्टरांना विचारलं. मनातून मला वाटत होतं की ते नाही म्हणतील आणि प्रश्न मिटेल. ते अर्धंच नाही म्हणाले. "डोंगर चालत चढायचा नाही," ते म्हणाले, "पण सायकल चालवा. सायकल गुडघ्याला चांगली." हे ऐकायला बायको शेजारीच बसली होती. ती तिथल्या तिथं म्हणाली, "सायकलला पाय तुमचंच फिरणार न्हवं? मग चालतंय."

सायकल घरात होती. पुण्याला असलेल्या आमच्या मुलीनं ती माझा गुडघा मोकळा व्हावा म्हणून पाठवली होती. दुधी रंगाची, पुढं वेताची टोपली, मागं लोखंडी कॅरियर, दांडी नसलेली, कडेला गोड आवाजाची घंटी. सपाट रस्त्यावर बरी चालायची. पण तिला एकच गती. चढ लागला की तिचं आणि माझं दोघांचंही बोलणं बंद व्हायचं. मी टेंबलाईच्या टेकडीवर प्रयत्न करून पाहिला. अर्ध्यात उतरलो, आणि कडेला उभा राहून डोंगराकडं बघत असल्याचा आव आणला. टेंबलाई ही नुसती टेकडी. जोतिबा हा डोंगर आहे.

गंगावेशीत संध्याकाळी रस्त्याकडेला म्हशी उभ्या असतात. समोर धार काढून फेसासकट दूध देतात. तिथल्या कट्ट्यावर आमची बैठक असते. तिथं मी विषय काढला, आणि काढला ही चूक झाली. कोल्हापुरात एखादी अडचण चार माणसांत बोलून दाखवली की ती आपली राहत नाही.

बैठकीत माझा एक शाळेपासूनचा मित्र आहे. उद्यमनगरात त्याचा लेथचा कारखाना, इचलकरंजीच्या यंत्रमागांचे सुटे भाग करून देतो. वस्तू तुटता कामा नये, हे त्याचं आयुष्यातलं एकमेव मत. मागं त्यानं मला कपडे वाळत घालायचं स्टँड करून दिलं होतं, ते गच्चीवर चढवायला दोर लावावा लागला. अजून तिथंच आहे. घर पडलं तरी ते राहील.

"गियर बसवून घे," तो म्हणाला.

"गियर लावल्यावर खेटा धरत्यात का पर?" दूध देणाऱ्या गवळ्यानं म्हशीच्या मागून विचारलं.

हा प्रश्न कुणाच्या लक्षात आला नव्हता. कट्टा गंभीर झाला. मोटर चालत नाही, यावर एकमत होतं. पण गियर?

"गियर म्हंजे मोटर न्हवं," मित्र म्हणाला. "दम ह्येचाच लागणार."

"अर्धाच दम लागणार की."

"अर्धा दम, पर दुप्पट येळ. बेरीज तीच."

कुणीतरी म्हणालं, गुरवांना विचारून घ्यावं. शेवटी गवळ्यानंच पेला पुढं करत निकाल दिला. "देव सोता घोड्यावर बसतोय. त्यो तुला गियरचं इचारणार हाय व्हय?"

कट्ट्यानं निकाल मान्य केला. मित्र मात्र माझ्याकडं बघून हसायला लागला. "गियर बसव न्हाईतर रेल्वेचं इंजन बसव. वैनीच ढकलत न्हेत्यात तुला वर, लिहून घे."

इथं मी पेला खाली ठेवला. म्हणालो, डोंगराच्या पायथ्यापासून वरपर्यंत माझा पाय जमिनीला लागला किंवा कुणी मला ढकललं, तर सगळ्या कट्ट्याला मटण मी घालणार. तसाच पोचलो तर तू घालायचंस. त्यानं टाळी दिली. घरी येऊन मी हे बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. "देवाच्या कामात पैजा कशाला?" एवढंच म्हणाली, आणि भाकरी जरा जोरात उलटली.

दुसऱ्या दिवशी सायकलीच्या एका मोठ्या दुकानात गेलो. मालकानं सायकलीभोवती एक फेरी मारली, मागच्या चाकापाशी बसला, उठला. "पावणं, ह्या सायकलला गियर न्हाई बसत. सहा चक्रांचं चाक ह्या फटीत जाणार न्हाई. साखळी ढकलणारा हात अडकवायला जागा न्हाई. नवी घ्या की."

तो खरं बोलत होता. पण संध्याकाळी मी हे कट्ट्यावर सांगितलं, तेव्हा मित्राचा पेला ओठापाशी थांबला.

"बसत न्हाई? कोण म्हंतंय?"

कोल्हापुरात ईर्षा हा शब्द वाईट अर्थानं वापरत नाहीत. ईर्षेवर आमच्याकडं विहिरी खणल्या गेल्या आहेत, गणपती मोठे झाले आहेत आणि मिसळी तिखट झाल्या आहेत. आता ईर्षेवर माझी सायकल आली. ती त्या दिवसापासून कारखान्यात गेली, आणि माझं तिच्यावर काही चालेनासं झालं.

मित्राच्या माळ्यावर त्याच्या मुलाची जुनी गियरची सायकल धूळ खात पडली होती. मुलगा आता दाढीवाला इंजिनिअर झालाय. तिचं मागचं चाक नेमकं माझ्या मापाचं निघालं, सहाही चक्रांसकट. पण दुकानदार म्हणाला होता तसंच झालं, चाक रुंद आणि फट अरुंद. मित्रानं क्षणभर विचार केला आणि मोटारीचा जॅक आणला.

"ह्ये काय करालाईस?"

"फट रुंद करालोय. लोखंड हाय, वाकतंय की."

मागच्या दोन दांड्यांच्या मधे जॅक बसवून तो फिरवायला लागला. सायकलीतून असा आवाज आला की मी तोंड फिरवलं. पुढची घंटी आपोआप वाजली. जॅक काढला तर फट रुंद झाली होती, पण एकीकडंच. मग दोरा लावून, डोळा मिटून, दुसरी बाजू. शेवटी चाक आत बसलं आणि सरळ फिरलं, हे मान्य करायला हवं. साखळी ढकलणारा हात अडकवायला त्यानं एक लोखंडी पट्टी जोडली. त्या पट्टीवर पूल उभा राहिला असता.

इकडं बायकोचे खेटे सुरू झाले होते. रविवारी पहाटे गल्लीतल्या बायकांबरोबर निघायची, दुपारी गुलालानं माखून परत यायची, पाय गरम पाण्यात सोडून बसायची आणि विचारायची, "झाली का सायकल?" मी म्हणायचो, होतेय. पायाला तेल लावता लावता एकदा ती म्हणाली, "मी देवाला शब्द दिलाय. न्हाई जमलं तर मला आधीच सांगा. मग मी बघती त्येच्याशी काय बोलायचं ते." हे तिनं न चिडता सांगितलं, त्यामुळं मला जास्त लागलं. माझ्या पायासाठी ती डोंगर चढून येत होती, आणि मी जॅकच्या गोष्टी सांगत होतो.

सहा गियर घेऊन मी पुन्हा टेंबलाईला गेलो. मागच्यापेक्षा बराच वर चढलो आणि मग पुन्हा कडेला उभा राहून डोंगराकडं बघितलं. मित्र मोटारसायकलवरून मागं आला होता. त्यानं सायकल आडवी केली, सगळ्यात मोठं चक्र बोटानं दाबलं, आणि लहान मूल पाहिल्यासारखं हसला.

"ह्ये चक्र म्हंतोस व्हय तू? ह्येनं पतंग उडंल. थांब."

त्यानं नवं चक्र केलं. आठवडाभरानं कारखान्यात गेलो तर ते टेबलावर होतं. परातीएवढं. ट्रॅक्टरला लावावं इतकं जाड. त्याला मोठ्या कौतुकानं त्यानं तेल लावून ठेवलं होतं. ते बसवलं, साखळी चढवली, तर साखळी दातांत बसेना, वरच्या वर फिरायला लागली. सायकलची साखळी नाजूक असते, तिला चक्रही पातळ लागतं, हे आम्हा दोघांच्या गावीच नव्हतं.

"पातळ कर," मी म्हणालो.

"पातळ केलं तर मजबूत कसं ऱ्हाईल?"

"मजबूत राहून काय करायचंय? फिरायला नको?"

यावर आमचं भांडण झालं. मी त्याला अडाणी म्हणालो, तो मला कारकून म्हणाला. एक दिवस मी कट्ट्यावर गेलो नाही. दुसऱ्या दिवशी तो स्वतः घरी आला, पिशवीतून चक्र काढून बायकोसमोर ठेवलं. दातांपाशी घासून पातळ केलेलं होतं, मधे मात्र अजून जाड. "वैनी, ह्येच्यावर ह्यो काय, ऊस भरलेली ट्रॉलीबी चढंल," तो म्हणाला. बायकोनं ते उचलून पाहिलं. "भाकरी भाजायला बरं पडंल," म्हणाली.

पुढचं चक्र त्यानं लहान पोरांच्या सायकलचं बसवलं, पुरीएवढं. पुढं पुरी, मागं परात. या जोडीवर मी टेंबलाई चढलो. बसूनच चढलो. वर पोचल्यावर मला इतका आनंद झाला की तिथल्या अनोळखी माणसाला मी सायकल फिरवून दाखवली.

दोष एवढाच राहिला की सहा गियरांपैकी चालायचे दोनच. लांब केलेली साखळी मधल्या चक्रांवर लोंबायची. एक सपाट रस्त्याचा गियर, आणि एक परात. परातीवर साखळी हातानं चढवावी लागायची, आणि एकदा चढली की मुठीतला खटका कितीही ओढला तरी उतरायची नाही. परातीवर सायकल चालायची ती माणूस चालतो त्याच वेगानं. पाय भिंगरीसारखे फिरायचे, आणि शेजारून पिशवी घेतलेली म्हातारी पुढं निघून जायची. शिवाय सायकल आता इतकी जड झाली होती की उंबऱ्यावरून आत घेताना बायकोला बोलवावं लागायचं.

शेवटचा रविवार आला. पहाटे शिवाजी पुलापाशी गर्दी होती. नदीत डुबक्या मारून लोक थंडीत कुडकुडत चांगभलं म्हणत निघाले होते. एवढ्या अनवाणी माणसांत घंटी वाजवत सायकलवर जायला मला लाज वाटली, म्हणून घंटीला रुमाल बांधला. बायकोनं पदर खोचला, माझ्या टोपलीत नारळ, खोबरं, गुलाल ठेवला आणि म्हणाली, "चला." आणि नेहमीप्रमाणं पुढं निघाली.

सपाटीला मी सपाट गियरवर होतो. तिला मागं टाकलं. आयुष्यात पहिल्यांदाच टाकलं. वाटेवरच्या केर्ली गावात चहा घ्यायला थांबलो, पहिला घोट घेतला तोवर ती बायकांच्या घोळक्यातून आली, माझ्याकडं बघितलं आणि न थांबता पुढं गेली. चहा तसाच टाकून मी निघालो.

डोंगराच्या पायथ्याला मित्र मोटारसायकलवर हजर होता, हाताला ग्रीस लावूनच. त्यानं साखळी परातीवर चढवली, पॅडल उलटं फिरवून बघितलं, चक्रावरून हात फिरवला. पैजेच्या अटी पुन्हा एकदा म्हणून दाखवल्या आणि कट्ट्यावरच्या बाकीच्यांबरोबर वर निघून गेला. ते शेवटच्या वळणावर थांबणार होते. घोळक्यातल्या बायका पायऱ्यांच्या वाटेनं वळल्या. बायको मात्र वळली नाही.

"तुमच्या संगं रस्त्यानंच येती," म्हणाली. "पडला तर उचलायला कोण हाय?"

घाट सुरू झाला आणि परात कामाला लागली. मी फिरवतोय, फिरवतोय, आणि सायकल मुंगीच्या चालीनं वर जातेय. इतक्या हळू सायकल चालवणं सोपं नाही. मी रस्ताभर नागमोडी जात होतो. चालणारे लोक वाट देत होते. एकजण ओरडला, "पावणं, उतरा की! चालत गेलासा तर लवकर पोचशिला!" दुसऱ्यानं मला चांगभलं म्हणून हात जोडले, ते देवाला होते की मला हे कळलं नाही. बायको माझ्या डाव्या हाताला चालत होती. आणि अर्धा घाट गेल्यावर माझ्या लक्षात आलं की ती पुढं नाही आणि मी मागं नाही. या परातीचा आणि तिच्या पायांचा वेग एकच होता. एवढ्या वर्षांत आम्ही कुठंच असं बरोबरीनं गेलो नव्हतो. मला हे तिला सांगायचं होतं, पण दम नव्हता.

"काय म्हंतायसा?"

"काही नाही."

"मग तोंड मिटून चालवा."

ऊन वर आलं. डांबर तापायला लागलं. मी फिरवत होतो आणि रस्त्याकडं बघत होतो, त्यामुळं ती शेजारी नाही हे मला जरा उशिरानंच कळलं. मान थोडी वळवली. ती दोन पावलं मागं होती. डाव्या पायाच्या चवड्यावर भार न देता, टाच टेकत चालत होती. आधीच्या चार खेट्यांनी पायाला फोड आले होते, हे मी तेलाच्या वाटीवरून ओळखायला हवं होतं. मी वेग कमी करायला गेलो, पण त्याहून कमी वेग सायकलला नव्हताच. आणखी हळू म्हणजे पडणं.

"थांबू का?" मी विचारलं. खरंच विचारलं. मटण गेलं खड्ड्यात असं त्या वेळी वाटलं.

"थांबू नगा," ती मागून म्हणाली. "शेवटचा खेटा हाय. चला तुमी."

मी चालवत राहिलो. आणि एका वळणानंतर सायकल एकदम जड झाली. मला वाटलं साखळी. खाली बघितलं, साखळी जागच्या जागी. वाटलं टायर बसला, पण टायर ठीक होता. मग मागून बांगड्यांचा आवाज आला. कॅरियरच्या लोखंडावर बांगड्या किणकिणत होत्या.

तिनं कॅरियर धरलं होतं.

मी मागं बघितलं नाही. बघितलं असतं तर तिनं हात काढून घेतला असता, एवढं मी तिला ओळखतो. मी पुढं बघत राहिलो आणि जोर लावला. माझा गुडघा, मित्राची परात, ती पूल पेलणारी पट्टी, सगळं मिळून आम्हा दोघांना वर ओढत होतं. ट्रॉली चढेल म्हणाला होता तो, खोटं बोलला नव्हता. घाम डोळ्यांत जात होता, आणि नुसता घाम नव्हता, हेही सांगून टाकतो. मला भरून आलं होतं. मोकळा हात नव्हता, त्यामुळं पुसताही येईना. बांगड्यांचा आवाज शेवटपर्यंत थांबला नाही.

शेवटच्या वळणावर कट्टा उभा होता. मी वळण घेतलं, आणि मित्रानं बघितलं ते एवढंच, मी सायकलवर, आणि मागं माझ्या बायकोचा हात कॅरियरवर.

"ढकललं!" तो ओरडला. "ढकललं की ओ! वैनींनी ढकललं! बघा, बघा समद्यांनी! म्हणलो न्हवतो मी?"

कट्टा नाचायला लागला. कुणीतरी गुलाल उधळला. दर्शनाला निघालेली अनोळखी माणसंही काय झालं ते न कळता हसायला लागली. मी पाय टेकला. तोंड उघडलं. जे झालं होतं त्याच्या बरोबर उलटं ही माणसं म्हणत होती, आणि माझ्याकडं पुरावा होता. तिचे पाय दाखवले असते तर निकाल तिथंच लागला असता. मी वळून तिच्याकडं बघितलं. ती देवळाच्या शिखराकडं बघत पदरानं तोंड पुसत होती. दुसरा हात अजून कॅरियरवरच होता. तो काढायचं तिच्या लक्षात आलं नव्हतं, किंवा काढायचा नव्हता.

मग ती कट्ट्याकडं वळली. "मग काय तर!" म्हणाली. "माझ्याबिगर वर येणार हैत व्हय हे?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"व्हय," मी म्हणालो. "तिनंच ढकललं."

असा शब्द माझ्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. मित्र सगळ्यात आधी नाचत होता, तोच सगळ्यात आधी थांबला. सायकलीपाशी आला, उकिडवा बसला, परातीवरून बोट फिरवलं. "म्हंजे गियर न्हाई चालला?" त्यानं हळू आवाजात विचारलं. मला त्याची फार दया आली, पण खरं सांगता येत नव्हतं. "चालला," मी म्हणालो, "पण चढ फार होता."

देवळात आम्ही दोघं आत गेलो. गर्दीत तिनं हात जोडून देवाला काहीतरी सांगितलं. बराच वेळ सांगत होती. चांगभलंच्या गजरात मला ऐकू आलं नाही. खाली आम्ही मित्राच्या ओळखीच्या टेम्पोतून आलो, सायकल मागं आडवी घालून.

मटण मी घातलं. सगळा कट्टा आमच्या गच्चीवर, त्या अजरामर स्टँडभोवती पंगत करून जेवला. मला ढकलत आणल्याची गोष्ट पांढऱ्या रश्श्याबरोबर एकदा झाली आणि तांबड्या रश्श्याबरोबर पुन्हा झाली, दुसऱ्यांदा तर ती मला पायथ्यापासून ढकलत होती. मी मान खाली घालून ऐकलं. मित्र तेवढा हसत नव्हता. बायकोनं त्याच्या ताटात न विचारता दोन वेळा नळी वाढली.

सगळे उठून हात धुवायला गेले, तेव्हा तो ताटं गोळा करत मागं राहिला. ती त्याच्यापाशी जाऊन थांबली. मी जिन्यात होतो.

"भावजी," ती म्हणाली, "सायकलच्या त्या कॅरियरला मागं एक मूठ बसवून द्या की."

"कशाला ओ वैनी?"

"धरून चढताना लोखंड हाताला रुततंय. फुडच्या माघाला आमी परत जाणार हाय."